पिवळा डबा

मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसलो होतो. एका मुलीच्या डब्यात बांगड्याची आमटी आणि भात होता. प्लास्टिकचा तो डबा मूळचा पांढरा, पण आता पिवळा झाला होता. ती म्हणाली, "सर, अम्मी हा डबा रोज साबणाने घासते. तरी रंग जात नाही. असं का?"

मी म्हणालो, "आमटीतले तेल प्लास्टिकमध्ये मुरते आणि हळदीचा रंग बरोबर नेते. म्हणून तो घासून जात नाही."

ती विचारात पडली. "आमटीतला रंग डब्यात जातो, तसे डब्यातलेही काही आमटीत येते का?"

प्रश्न अगदी योग्य होता. प्लास्टिक लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असते. ते मऊ किंवा रंगीत व्हावे, लवकर ठिसूळ होऊ नये, म्हणून कारखान्यात त्यात इतर रसायने मिसळतात. त्यांतील बरीचशी या साखळ्यांना पक्की जोडलेली नसतात. म्हणून ती थोडी थोडी सुटून अन्नात उतरतात.

हे चार कारणांनी वाढते. अन्न गरम असेल, तेलकट असेल, आंबट असेल किंवा फार वेळ प्लास्टिकमध्ये राहिले, तर जास्त रसायने उतरू शकतात. आता आपली मालवणी आमटी पाहा. तिच्यात नारळाचा स्निग्ध रस असतो आणि कोकमाचा आंबटपणाही. ती उकळती असताना पातळ पिशवीत बांधून घेतली, तर तीन कारणे एकत्र आली! कोकमाचे आगळ तर महिनोन्महिने ठेवायचे असते. जुनी माणसे आगळ आणि लोणचे काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवत. ते शहाणपणाचेच होते.

एका जेवणाने कोणी आजारी पडत नाही, कारण उतरणारी रसायने फार थोडी असतात. परंतु काही रसायने थोडी असली तरी काळजी घ्यावी लागते. बिस्फेनॉल-ए हे रसायन शरीरातील संप्रेरकासारखे वागते. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत त्याचा वापर बंद केला. भारतातही २०१५ च्या मानकाने तसेच केले. आपल्या देशाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्लास्टिकच्या वेष्टनातून एक किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पदार्थ उतरता कामा नयेत. परंतु रंगाचा रिकामा डबा अन्नासाठी बनवलेला नसतो. तो स्वयंपाकघरात आणू नये.

मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझा भाऊ सहा महिन्यांचा आहे. आम्ही त्याचे गरम दूध प्लास्टिकच्या बाटलीत ओततो."

"दूध आधी स्टीलच्या भांड्यात कोमट होऊ दे, मग बाटलीत भर. अम्मीलाही हे सांग," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी तिने स्टीलचा डबा आणला. पिवळा डबाही दप्तरात होताच. त्यात तिने पेन्सिली ठेवल्या होत्या.

शब्दार्थ
मुरणे – आत शिरणे
स्निग्ध – तेलकट, तुपकट
आगळ – कोकमाचा मीठ घातलेला दाट रस
संप्रेरक – शरीराच्या कामावर नियंत्रण ठेवणारे द्रव्य

स्वाध्याय
१. डबा घासूनही पांढरा का होत नव्हता?
२. अन्नात रसायने जास्त उतरण्याची चार कारणे लिहा.
३. तुमच्या घरी कोणते पदार्थ प्लास्टिकमध्ये ठेवतात? यादी करा आणि काय बदलता येईल ते घरी विचारा.