स्वर तेच, मग राग दोन कसे?

प्रश्न : मी ऐकून ऐकून पेटी शिकलो, भजनी मंडळात साथ करतो. पुस्तकात भूप आणि देशकार दोन्हींना सा रे ग प ध हेच स्वर दिले आहेत. मग फरक काय? पन्नाशीत शास्त्र शिकायला उशीर झाला का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उशीर मुळीच नाही. शास्त्रातला पहिला खरा प्रश्न तुम्हाला पडलाच आहे. नुसते स्वर म्हणजे राग नव्हे. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; तो पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) खुलतो, रात्री गातात. देशकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात), सकाळी. एकदा गंधारावर, एकदा धैवतावर ठेहराव घेऊन वाजवा, कानाला पटेल. पुस्तकात रागाचा थाटही दिलेला दिसेल, पण थाट ही रागांच्या वर्गीकरणाची सोय आहे, त्यात अडकू नका.

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतली एखादी बंदिश आधी गा, मग वाजवा. पेटीवर मींड निघत नाही, ती गळ्यातच कळते. मात्र स्वरलिपी वाचून राग येईल, असे समजू नका. अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक होते त्या गावात तुम्ही राहता. देवल क्लबमधल्या मैफली ऐका आणि पंधरवड्यातून एकदा तरी जाणकारासमोर वाजवा. सहा महिने हे दोनच राग घ्या.