घाटात गाडी तापते, कूलंट कोणतं घालू?

प्रश्न : माझी १९९८ची मारुती ८०० पाबे घाट चढताना तापते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग बोअरचं पाणी चालेल का? उरलेलं कूलंट कसं ठेवावं?
– एक वाचक, विंझर

उत्तर : बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या काळ्या कातळातलं पाणी जड असतं. त्यातल्या क्षारांचे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थरावर थर बसतात. डिस्टिल्ड वॉटरच घ्या. बर्फ नसला तरी कूलंट गंज रोखतं आणि उकळी लांबवतं. निम्मं इथिलीन ग्लायकॉल, निम्मं पाणी हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या टोपीच्या दाबाखाली त्याहूनही वर. म्हणून टोपीचं रबर, थर्मोस्टॅट आणि पंखाही तपासून घ्या. इंजिन गरम असताना टोपी उघडू नका.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर पारंपरिक, सिलिकेटवालं कूलंट बरं. ते दर दोन वर्षांनी बदलावं. रंगावर जाऊ नका, डब्यावरचा मजकूर वाचा. दोन प्रकार एकत्र झाले तर गाळ धरू शकतो, म्हणून आधी रेडिएटर धुऊन घ्या.

साठवणीबाबत कळकळीने सांगतो : हे द्रव्य चवीला गोड आणि जहाल विषारी आहे. थोडंसं चाटूनही कुत्रं दगावू शकतं. पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका. मूळ डबा, घट्ट झाकण, वर तारीख, उन्हाआड उंच फळी. कुणाच्या पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट न पाहता डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. सांडलेलं लाकडाच्या भुशाने टिपा. काढलेलं जुनं कूलंट ओढ्यात किंवा गोठ्यामागे ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.