सत्संगात मन का लागत नाही? नाट्यशास्त्राचं उत्तर



पांढुर्णा आणि सौसरच्या आपल्या गटांतून एक प्रश्न नेहमी येतो : भजन-भारूड छान होतं, पण मन लागत नाही, असं का? आज आपण याचं उत्तर भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पाहू.

रस म्हणजे काय?
भरतमुनी जेवणाचं उदाहरण देतात. आपल्या भरिताचंच बघा ना. वांगं, तेल, तिखट वेगवेगळे, पण एकत्र आले की चव तिसरीच. रस तसाच. एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड घ्या.
१. विंचू हे कारण, म्हणजे विभाव.
२. सोंग घेतलेल्याचं तळमळणं, हात झटकणं हा अनुभाव.
३. मधेच येणारी घालमेल, दीनपणा हे व्यभिचारी भाव.
तिन्ही जुळले की बघणाऱ्याला रस मिळतो. आधी आपण हसतो. मग कळतं, विंचू म्हणजे आपलेच काम-क्रोध, आणि मन आत वळतं.

भरतमुनींचे रस आठ. नववा शांत. माउलींनी ज्ञानेश्वरीत (१२९०) अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, विश्वरूपदर्शनाआधी, शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आल्याचं सांगितलंय.

मग अडतं कुठे?
हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी रस अडवणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं एक आपल्या सगळ्यांचं : स्वतःच्या सुखदुःखात गुंतून राहणं. डोक्यात संत्र्याचा भाव घोळत असला, तर भजनातला भाव शिरणार कुठून?

त्यावर उपायही त्यांनीच दिलाय : गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप. म्हणजे टाळ, खंजिरी, नमन ही नुसती शोभा नाही. मनाला स्वतःच्या काळजीतून हळूच बाहेर काढणं हे त्यांचं काम. नमन चुकवून उशिरा आलं, की ते काम राहून जातं.

म्हणून घरात दुःख झालेल्या एखाद्या ताईला, "तुमचं लक्षच नसतं" असं आपण म्हणू नये. थकलेल्यांना, शोकात असलेल्यांना विसावा मिळावा म्हणूनच नाट्य आहे, असं खुद्द भरतमुनी सांगतात. काळजी घेऊनच या म्हणावं. फक्त सुरुवातीपासून बसा, मोबाईल पिशवीत ठेवा.

या आठवड्याचा अभ्यास : घरी मिळून एक भारूड ऐका. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव मुलांना शोधू द्या, आणि गटात कळवा.

॥ जय गुरुदेव ॥