घटक ३ : हमीभाव आणि आंबेमोहोर

बाजारव्यवस्थेतील शासनाची भूमिका समजून घेण्यासाठी मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीच्या परिसरातील भातशेती उपयोगी पडते.

केंद्र शासनाने २०२४-२५ च्या खरिपासाठी साधारण भाताला क्विंटलमागे २,३०० रुपये, तर ‘अ’ श्रेणीच्या भाताला २,३२० रुपये हमीभाव ठरवला. श्रेणी दोनच, सुवासाला त्यांत स्थान नाही.

येथे भाषेकडेही लक्ष द्यावे. भाव फुटतो, चढतो, पडतो. या क्रियापदांना कर्ता माणूस लागत नाही. हमी मात्र कोणीतरी द्यावी लागते. ‘हमीभाव’ या समासातच शासन उभे आहे.

मुळशीचा आंबेमोहोर सुवासिक, पण उंच वाढून लोळणारा आणि उताऱ्याला कमी. आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरातून निघालेला इंद्रायणी हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला आणि अनेक शेतकरी त्याकडे वळले. तेही शासकीय संशोधनाचेच फळ. उरलेल्या आंबेमोहोराला दुकानात त्याच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या परप्रांतीय तांदळाशी स्पर्धा करावी लागते. १९९९ च्या कायद्यान्वये २०१६ मध्ये आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले. येथे शासन भाव बांधत नाही, नाव राखते. या पिकापुरता मला हाच मार्ग अधिक उचित वाटतो. मात्र पोत्यावरचे नाव तपासणारे कोणी नसेल, तर नोंदणी कागदावरच राहते.

स्वाध्याय : आपल्या भागातील एका पिकाला हमीभाव अधिक उपयोगी की मानांकन, ते सकारण लिहा.