विद्यार्थ्याची चूल : वाल, भात आणि अर्धा तास

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा येते. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून उपाशीपोटीच धम्म ऐकायला आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. तो येताच त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले व मगच उपदेश केला. उपाशी माणसाला धम्म ऐकवू नये, तर हिशेबशास्त्र आणि गणित तरी त्याच्या डोक्यात कसे शिरावे?

कर्जत-खालापूर तालुक्यांतील आपली मुले शिक्षणासाठी कर्जत, नेरळ, खोपोलीला किंवा पुढे पनवेल-कल्याणला खोली करून राहतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव आणि रात्री जे मिळेल ते. मुलगे उपाशी निजतील, पण गॅस पेटवणार नाहीत. कारण स्वयंपाक बाईने करायचा, ही मनूची शिकवण अजून आपल्या घरांतून गेलेली नाही. घरी राहणारी त्यांचीच बहीण मात्र लोकल पकडण्याआधी साऱ्या घराच्या भाकऱ्या थापून परीक्षेला जाते. हे आम्हाला मान्य नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९२० नंतर लंडनमध्ये शिकत असताना घरमालकिणीकडचे जेवण इतके तोकडे असे की, रात्री अभ्यास करताना भूक असह्य होई. ओळखीच्या एका हिंदी गृहस्थाने दिलेले पापड भाजून ते वेळ मारून नेत. पुढे त्यांना स्वतः स्वयंपाक करण्याची आवड होती, हेही त्यांच्या सहवासातील मंडळींनी लिहून ठेवले आहे. मग आपल्या मुलांना कसली लाज?

आपल्याकडे भात कापला की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले 'कर्जत-३', 'कर्जत-७' हे वाण तर घरोघरी माहीत आहेत. तांदळाच्या प्रथिनात जे कमी असते, ते वालात भरपूर असते. वालात जे कमी, ते तांदळात. म्हणून वाल-भात हे गरिबाचे खाणे असले तरी ते कमी प्रतीचे खाणे नव्हे.

बिरडे करायला वाल भिजवा, मोड आणा, सोला, असा दीड-दोन दिवसांचा व्याप असतो. ते रविवारी करावे. एरवी वालाची डाळ आणावी. दोघांसाठी एक वाटी तांदूळ व अर्धी वाटी डाळ घ्यावी. कॉलेजातून आल्याबरोबर डाळ भिजत घालावी, तोवर हातपाय धुऊन वह्या काढाव्यात. भिजवलेले पाणी टाकून द्यावे. कुकरमध्ये दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, कांदा, हळद, तिखट घालून डाळ-तांदूळ परतावे. मीठ, दोन आमसुले आणि साडेतीन वाट्या गरम पाणी घालावे. तीन शिट्ट्या पुरेत. कच्चट वाल मात्र खाऊ नये, तो बाधतो. डाळ बोटाने चेपून पाहावी.

सोबत सुका जवळा असला तर मेजवानीच. तो चाळून रेती काढावी, कोरडा भाजावा, झटकन धुऊन कांदा-टोमॅटोवर टाकावा. दहा मिनिटांत होतो. काही घरमालक वासाची तक्रार करतात. खिडकी उघडी ठेवावी. पण आपले अन्न हलके, असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नये.

सकाळसाठी नाचणीची आंबील. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; डब्यातल्या महागड्या पावडरी कशाला हव्यात?

पावसाळ्यात ठाकूर-कातकरी भगिनी बाजारात टाकळा, कुर्डू, कंटोळी, शेवळे आणतात. त्यांच्याकडूनच घ्यावे, आणि कसे शिजवायचे तेही त्यांनाच विचारावे. शेवळे नीट केली नाहीत तर घसा खाजतो. रानातली अळंबी स्वतः ओळखून आणण्याचे धाडस करू नये. टाकळ्याची कोवळी पानेच घ्यावीत, आणि वर लिंबू पिळावे, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते.

खोलीत तिघे असतील तर वार वाटून घ्यावेत. घरी भाऊ-बहीण असतील तर तेथेही वार वाटावेत, आणि बहिणीच्या परीक्षेच्या महिन्यात सगळे वार भावाकडे असावेत.