डॉक्टर हा देहाचा शेतकरी



घरात कोणी आजारी पडले की दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतो, "दुखणे देवाने दिले, तोच नेईल, डॉक्टर कशाला?" दुसरा देवाचे नावही न घेता नुसता औषधांमागे धावतो. या दोघांचाही विचार यहुदी धर्मगुरूंनी फार पूर्वी करून ठेवला आहे.

१. बरे करण्याची परवानगी

निर्गम ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात एक नियम आहे. भांडणात कोणी दुसऱ्याला जखमी केले, तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई करावी आणि तो पुरता बरा होईल अशी व्यवस्था करावी. वैद्याला बरे करण्याची परवानगी देवानेच दिली आहे, असा अर्थ तालमूद ग्रंथातील रब्बींनी यावरून काढला. हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकली, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच.

२. शेतकऱ्याची गोष्ट

यहुद्यांची एक जुनी कथा आहे. रब्बी इश्माएल आणि रब्बी अकिबा यरुशलेमच्या रस्त्याने जात होते. एका आजाऱ्याने उपाय विचारला, तो त्यांनी सांगितला. बरोबर एक शेतकरी होता, हातात विळा. तो म्हणाला, आजार देवाने दिला, तुम्ही मध्ये का पडता? रब्बींनी उलट विचारले, जमीन देवाची, द्राक्षमळा देवाचा, मग तू त्यात हात का घालतोस? शेतकरी म्हणाला, नांगरट, छाटणी, खत, खुरपणी केली नाही तर हाती काय येणार? रब्बींनी त्याला समजावले की देह हे झाड आहे, औषध हे खत आहे आणि वैद्य हा शेतकरी आहे.

शेत पिकवणाऱ्या माणसाला याहून सोपे उत्तर कोणते?

३. जीव आधी

शब्बाथ दिवशी काम करणे यहुद्यांना कडक निषिद्ध. पण जीव धोक्यात असेल तर तो नियम बाजूला ठेवलाच पाहिजे, असे त्यांचे शास्त्र सांगते. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासादिवशीही आजारी माणूस "मला खायला हवे" म्हणाला, तर वैद्य नको म्हणत असले तरी त्याला खायला देतात.

४. आधी कठडा

नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून मरणार नाही, असे अनुवाद २२:८ मध्ये सांगितले आहे. मायमोनिडीस हे बाराव्या शतकातील थोर यहुदी धर्मपंडित इजिप्तमध्ये वैद्यकी करीत. त्यांनी हाच नियम विहिरीला लावला: सुमारे तीन फूट उंच कठडा घाला, नाहीतर झाकण ठेवा. उघड्या राहिलेल्या पाण्यात किंवा दुधात सापाने तोंड घातले असेल, या भीतीने ते पिण्यासही रब्बींनी मनाई केली होती. धोका आधीच टाळणे हा त्यांच्या दृष्टीने धर्मच होता.

अलीकडचा दाखला आपल्या जवळचा आहे. ओडेसाचे यहुदी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

५. आपल्यासाठी

बेनसिराचा ग्रंथ यहुद्यांच्या शास्त्रात नाही, आपल्या बायबलात आहे. पण तो लिहिणारा यहुदीच होता. त्याच्या ३८ व्या अध्यायात तो आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि वैद्यालाही त्याची जागा द्यायला सांगतो. प्रार्थना हवी आणि डॉक्टरही हवा.

आज घरी जाऊन पाहा:

– विहिरीला कठडा आहे काय?
– पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय?
– फवारणीचे औषध मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवले आहे काय?
– मुलांच्या लशी वेळेवर टोचल्या आहेत काय?
– शेतात जखम झाली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेता, की हळद लावून वाट पाहता?

पिकाला वेळेवर खुरपणी लागते, तशीच देहालाही लागते.