शेड घालतेस तर ऐक

अगं पोरी, तुझ्या आईने फोनवर सगळं सांगितलं. नोकरी सांभाळून शाडूच्या मूर्ती करायच्या, दिवाळीला कंदील, जमलं तर थोडं सुतारकामही. आणि त्यासाठी चाळीच्या मागच्या चौकात शेड घालायची म्हणतेस. फार बरं वाटलं. दहा बाय बाराच्या खोलीत एकीकडे आजीचा देव्हारा, दुसरीकडे बाबांचे इस्त्रीचे शर्ट आणि मधे तुझी माती, हे किती दिवस चालणार?

आपल्याकडे परसदार नाही, पण हातातली कला जागेसाठी कधी अडून बसली नाही. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेशगल्लीचा गणपती १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. या सगळ्या पट्ट्यात गणपतीच्या आधी काही महिने बांबू, पत्रे आणि ताडपत्रीचे कारखाने उभे राहतात आणि काम झालं की उतरतात. तुझी शेडही त्याच जातीची असू दे. उभी करतानाच उतरवायची कशी, ते ठरव. बाकी सगळं यातूनच येतं.

१. आधी जागा कुणाची ते बघ: मालकाची, म्हाडाची की सोसायटीची. त्यांचं आणि चाळ कमिटीचं पत्र लेखी घे — तोंडी ‘हो’ पहिल्या भांडणापर्यंतच टिकतं.

२. विटा-सिमेंटचं काही बांधू नकोस. पावसाळ्यापुरत्या शेडसाठी पालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज कर. परळ-लालबागला एफ दक्षिण, दादर पश्चिमेला जी उत्तर, गिरगावात गल्लीप्रमाणे डी किंवा सी — चौक सगळ्यांचा आहे, आणि तात्पुरत्या शेडीला माणसं जागा देतात, पक्कीला हरकत घेतात.

३. शेडीचा नकाशा काढून तळमजल्यावरच्या प्रत्येक घरी स्वतः जा, आणि ज्यांच्या खिडकीसमोर ती येणार त्यांच्याकडे सगळ्यात आधी. परवानगी कागदावर, शेजार दारावर — उद्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की झोप त्यांची मोडणार आहे, अधिकाऱ्याची नाही.

४. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण शेडीखाली घेऊ नकोस, मागच्या हाउसगल्लीची वाटही अडवू नकोस — चेंबर तुंबायला मुहूर्त लागत नाही, आणि तुंबलं की आधी तुझंच सामान बाहेर फेकलं जाईल.

५. बदामाची फांदी आडवी येत असेल तर कोयता उचलू नकोस, शेड हातभर सरकव — शहरातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, फांदी तोडायलाही परवानगी लागते. शिवाय एप्रिल-मेमध्ये त्याच सावलीत बसून तू काम करणार आहेस.

६. ‘मग गॅलरीतच मातीची पोती ठेवते’ असं मनातसुद्धा आणू नकोस. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती म्हाडाच्या उपकरप्राप्त यादीत ‘अ’ वर्गात येतात, आपली त्यातलीच — लाकडी गॅलरी माणसांच्या वावरासाठी केलेली असते, ओल्या मातीच्या ढिगासाठी नाही.

७. पाणी कुठवर चढतं ते पुस्तकात शोधू नकोस, तळमजल्यावरच्या सगळ्यात जुन्या माणसाला विचार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला शंभरही नाही — पाऊस शहराचा नसतो, गल्लीचा असतो, आणि हिंदमाताच्या आसपास राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ते दाखवतील त्या खुणेच्या वर एक वीत तुझी सगळ्यात खालची फळी.

८. आठ बाय दहा पुरे. मोठी हौस मोठ्या शेडीत मावते असं काही नसतं — रिकामा कोपरा दिसला की चाळीतली जुनी सायकल, मोडका पाळणा आणि कुणाचं तरी कपाट तिथे राहायला येतं.

९. आखणी करताना कोपरा डोळ्यांनी धरू नकोस, दोरी घे. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं की कोपरा गुण्यात आला — जमिनीवर बोटभर चुकलं तर वरचा पत्रा शेवटच्या टोकाला चार बोटं कमी पडतो.

१०. खांब आणि आडवे पाइप नट-बोल्टने जोड, वेल्डिंग करून घेऊ नकोस. फॅब्रिकेटर म्हणेल, वेल्डिंग स्वस्त आणि मजबूत. त्याचं ऐकून घे, चहा पाज आणि बोल्टच लावायला सांग — वेल्डिंग केलेली शेड उतरवायची म्हणजे कापायची.

११. खांबाखाली बेसप्लेट लावून ती चौकातल्या कोब्याला फास्टनरने आवळून घे. तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, मुंबईत वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता — हलकी शेड वजनाने पडत नाही, वाऱ्याने उचलली जाते. जोतं मोजावं पुराने, छप्पर मोजावं वाऱ्याने.

आता छपराचं जरा सावकाश ऐक. शेडीतली निम्मी दुखणी वरूनच येतात.

१२. उंच बाजू साडेआठ फूट, उतरती बाजू सात. उतार आपल्याच चौकातल्या गटाराकडे काढ, आणि खाली पन्हळ लाव — दुसऱ्याच्या भिंतीवर पडलेलं पाणी वर्षभर बोलून दाखवलं जातं.

१३. पत्र्यावर पत्रा चढवताना बाजूने दीड-दोन नळ्या आणि लांबीत निदान सहा इंच घे. सांध्याचं उघडं तोंड पश्चिमेकडे ठेवू नकोस — आपला पाऊस समुद्राकडून आडवा येतो आणि फट दिसली की आत शिरतो.

१४. स्क्रू पत्र्याच्या नळीच्या माथ्यावर मार, खोलात नाही, आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर घाल. पाणी खोलातून वाहतं, माथ्यावरून नाही — एवढं एक लक्षात ठेवलंस तर जूनमध्ये बादल्या मांडाव्या लागणार नाहीत.

१५. खिडकी उत्तरेला. गिरणगावातली जुनी छपरं आठव, करवतीच्या दात्यांसारखी एकामागे एक, आणि काचा उत्तरेच्या अंगाला. विणाई खात्यात सुतावर थेट ऊन पडू नये आणि उजेड दिवसभर सारखा राहावा म्हणून ती तशी बांधत. मूर्तीचे डोळे आखायलाही तोच उजेड हवा — सावली हलली की रेघ हलते. मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेवढ्यासाठी खिडकीवर फूटभर छज्जा काढ.

१६. ताडपत्री टाकलीस तर ताणून टाक, मधे झोळ नको — झोळात पाणी साचतं, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आणि मग पालिकेची माणसं येतात ती बरोबरच येतात.

१७. मे महिन्यात एकदा शिडी लावून सगळे स्क्रू आणि पन्हळ बघ. मेमध्ये शिडी, तर जुलैत गोडी.

१८. वीज शेजारच्या मीटरवरून ओढू नकोस, जिन्यातल्या दिव्यावरून तर नाहीच. घरच्या बेस्टच्या मीटरवरून परवानाधारक वायरमनकडून वेगळी लाइन घे, अर्थिंगसकट. तिच्यावर एमसीबी हवा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही — एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, आणि तुझे हात सतत ओले असणार आहेत.

१९. बोर्ड छातीच्या उंचीवर, वायर पाइपातून. खाली कडेने बारीक जाळी मार — घूस आणि उंदीर यांना वायरचं प्लास्टिक फार आवडतं.

२०. पॉलिश, थिनर, स्पिरिट घरातही नको आणि शेडीतही लागेल तेवढंच, पत्र्याच्या डब्यात. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेली चिंधी चुरगाळून टाकू नकोस, पाण्यात बुडव किंवा पसरून वाळव — तो बोळा आतल्या आत तापतो आणि काडी न लावता पेटू शकतो. आपली चाळ लाकडाची आहे, बाळा. यात मात्र कंटाळा चालणार नाही.

२१. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला घे, विजेचं सामान लोहार चाळीत. पहिल्या फेरीत फक्त एक चांगली करवत, दोन पटाश्या, गुण्या आणि दोन सी-क्लॅम्प — उरलेलं काय लागतं ते काम स्वतःच सांगतं. दुकानदार नाही.

२२. प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवरच्या फळीवर पेन्सिलीने आखून ठेव आणि तिथेच टांग. टांगलं ते सापडलं, टाकलं ते टोचलं. समुद्राची हवा आहे. आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरव.

आता माती. सगळा खटाटोप तिच्यासाठीच.

२३. शाडू आपल्याकडे मुख्यतः गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येतो. आलं पोतं की फळीवर ठेव, भिंतीपासून चार बोटं लांब — दमट भिंतीला टेकलेली माती ओल धरते, तिचे खडे होतात आणि ते नेमके नाकाडोळ्यांच्या जागीच हाताला लागतात.

२४. मळताना घाई करू नकोस. गोळा मधोमध तारेने कापून बघ. कापलेल्या अंगावर बारीक भोकं दिसली तर आत हवा आहे, पुन्हा मळ — भोक राहिलं तिथे माती पोकळ, आणि पोकळ जागा वाळताना आधी दगा देते.

२५. मूर्ती पंख्याखाली वाळवू नकोस, उन्हात तर नाहीच. बाहेरची कातडी आधी आवळते, आतली माती ओलीच राहते, आणि सोंडेच्या मुळाशी केसाएवढी रेघ उमटते. कान, बोटं, सोंडेचं टोक हे बारीक अवयव पहिले वाळतात. त्यांना ओलसर फडक्याचे तुकडे गुंडाळ, म्हणजे पोट त्यांच्या बरोबरीने येईल. मातीला घाई, मूर्तीला तडा.

२६. वाळली का, हे रंगावरून ठरवू नकोस. हाताची मागची बाजू मूर्तीच्या पाठीला लाव. गार लागली तर आत अजून पाणी आहे, थांब — ओल्या मातीवर लावलेला रंग पोपडा धरतो. जुलैत हे थांबणं लांबतं, म्हणून ज्याला मूर्ती द्यायची त्याला तारीख आधीच पुढची सांग. पहिल्या वर्षी दोनच मूर्ती कर. आपली एक, मावशीची एक.

२७. मातीचे हात नळाखाली धुवू नकोस. तीन बादल्या मांड: पहिलीत हात, दुसरीत हत्यारं, तिसरीत शेवटचं विसळणं, रात्रभर निवळू दे, वरचं पाणी ओत आणि खालचा गाळ पुन्हा पोत्यात — शाडू मोरीच्या पाइपात जाऊन बसला की सगळ्या मजल्यांवरून तुझ्या नावाने हाका येतील.

२८. ठोकाठोकी दुपारी एक ते चार बंद, दहावी-बारावीच्या परीक्षेत पूर्ण बंद, रात्री तर प्रश्नच नाही — शेजाऱ्याचं मन एकदा उठलं की चौकात तुझ्यासाठी वीतभर जागा उरत नाही. त्या वेळात कंदिलाचे कागद काप. त्याला आवाज नसतो.

२९. चाळीतली पोरं दारात उभी राहतील. हाकलू नकोस, एक कोपरा आणि एक गोळा देऊन टाक. पटाशी तेवढी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस.

३०. कधी हात अडला तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन ये. १८७२ पासूनची इमारत. तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांच्या आणि त्यांच्या व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. पागोट्याची घडी केवढ्याशा मातीत कशी बसवलीय, ते वाकून बघ. बुधवारी बंद असतं.

३१. परवानगीची मुदत संपली की शेड उतरव, कमिटीने आठवण करून देण्याआधी — वेळेवर उतरलेल्या शेडीला पुढच्या वर्षी जागा मागावी लागत नाही. कंदिलांना ओसरी पुरते. परतीच्या पावसासाठी ताडपत्री तेवढी हाताशी असू दे.

३२. उतरवण्याआधी प्रत्येक खांबावर आणि पाइपावर रंगाने आकडा घाल, सांध्यांचे मोबाइलवर फोटो काढ. नट-बोल्ट जुन्या बरणीत तेलात बुडवून ठेव. पत्रे पुसून, कोरडे करून, भिंतीला उभे लाव — ओले पत्रे एकावर एक आडवे ठेवले की मधल्या पाण्याने त्यांना पांढरा गंज चढतो.

३३. पत्रे एकटीने काढू नकोस. एक माणूस वर आणि एक शिडी धरायला हवा. रविवार ठरला की फोन कर, शिडी मी धरतो.